तीन लग्नं आणि तरीही चर्चवाल्यांची मतं: अमेरिकेतला परंपरावादी मतदार उमेदवाराच्या घरात किती डोकावतो?

19 जानेवारी 2012. साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटनजवळच्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवारांची डिबेट सुरू होत होती. मतदान दोन दिवसांवर आलेलं. त्यातले एक इच्छुक न्यूट गिंग्रिच, प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती. त्यांची तीन लग्नं झालेली. त्याच दिवशी त्यांच्या दुसऱ्या, घटस्फोटित पत्नीच्या मुलाखतीतला मजकूर बाहेर आला होता. तिचं म्हणणं असं, की नवऱ्याचं संसदेतल्या एका कर्मचारी बाईशी प्रकरण सुरू होतं आणि आपण ते चालवून घ्यावं, अशी त्याची अपेक्षा होती. ती कर्मचारी बाई पुढे गिंग्रिच यांची तिसरी पत्नी झाली आणि त्या रात्री ती प्रेक्षकांत बसली होती.

सीएनएनच्या जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न यावर टाकला. गिंग्रिच यांनी आरोप साफ नाकारला, पण त्याआधी ते प्रश्नकर्त्यावरच तुटून पडले. अध्यक्षपदाच्या डिबेटची सुरुवात असल्या विषयाने करणं हे जवळजवळ घृणास्पद आहे, असं ते म्हणाले. सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

हे साउथ कॅरोलायना म्हणजे अमेरिकेच्या 'बायबल पट्ट्या'तलं राज्य. तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक स्वतःला इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला शब्दशः मानणारे, नव्याने ख्रिस्ताला वाहून घेतलेले ख्रिश्चन म्हणवतात. समोर मिट रोमनी होते. 1969 पासून एकच पत्नी, पाच मुलगे, दारू नाही, कॉफीसुद्धा नाही. निकाल लागला तेव्हा गिंग्रिच यांना 40 टक्के मतं होती आणि रोमनींना 28.

'रविवारी चर्च न चुकवणारी ही माणसं याला मत देतात तरी कशी?' हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि ट्रम्प यांच्यामुळे तर तो घरोघरी पोचला. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये कोणाची तरी बहीण, कोणाचा तरी भाचा असतोच. त्यांना आपण फोनवर हे विचारतो आणि 'दांभिक आहेत सगळे' असं एका वाक्यातलं उत्तर मिळतं. दांभिकपणा आहेच, नाही असं नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर रोमनी का हरले, आणि चार वर्षांनी युटामध्ये ट्रम्प यांची मतं एवढी का घसरली, हे काही कळत नाही.

आधी एक फरक

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्रायमरीत, पक्षाचेच मतदार राज्याराज्यांत मत देऊन आपला उमेदवार ठरवतात. दुसरा टप्पा नोव्हेंबरमधला. तिथे दोन पक्षांचे उमेदवार समोरासमोर येतात. आपल्याकडे तिकीट कोणाला हे वरच ठरतं, त्यामुळे हा पहिला टप्पा आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. या विषयाची निम्मी उकल मात्र तिथेच आहे.

प्रायमरीत सगळेच आपले असतात. गर्भपाताला सगळ्यांचा विरोध, बंदुकीच्या हक्काला सगळ्यांचा पाठिंबा. मग निवडायचं कशावरून? तिथे माणूस बघितला जातो: घर, बायको, चर्च, बोलणं. नोव्हेंबरमध्ये समोर दुसऱ्या पक्षाचा उमेदवार असतो आणि त्याच्याकडे सत्ता गेली तर काय होईल, याची भीती असते. आपल्या माणसाबद्दल मनात कितीही किंतु असला तरी हात त्याच्याच नावावर जातो. दगडापेक्षा वीट मऊ.

आकडे याला साक्ष आहेत. नोव्हेंबरच्या एक्झिट पोलनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी 2004 मध्ये जॉर्ज बुश यांना 78 टक्के, 2008 मध्ये जॉन मॅकेन यांना 74, 2012 मध्ये रोमनींना 78 आणि 2016 मध्ये ट्रम्प यांना 81 टक्के मतं पडली. बुश म्हणजे दारू सोडून देवाच्या मार्गाला लागलेला माणूस. मॅकेन घटस्फोटित. रोमनी घरगुती आयुष्यात निष्कलंक, पण मॉर्मन, म्हणजे अनेक इव्हँजेलिकलांच्या मते खरे ख्रिश्चनच नव्हेत. आणि ट्रम्प तीन लग्नांचे, जुगाराच्या कॅसिनोंचे एकेकाळचे मालक. चार माणसं, चार तऱ्हेची आयुष्यं, आणि आकडा जेमतेम सात टक्क्यांच्या पट्ट्यात हललेला. नोव्हेंबरमध्ये खासगी आयुष्याला किती वजन उरतं, हे यावरून दिसतं.

एक खुलासा हवा. 'गोरे' हा शब्द इथे मुद्दाम लावला जातो. काळ्या अमेरिकनांतही तितकेच भाविक, तितकेच बायबल मानणारे लोक लाखोंनी आहेत आणि ते बहुसंख्येने डेमोक्रॅट्सना मत देतात. म्हणजे केवळ श्रद्धेवरून मत ठरत नाही. श्रद्धा आणि पक्ष यांची जी गाठ बसली आहे, ती ठरवते.

ज्याला लग्न महागात पडलं

नेहमी असंच होतं असं नाही. नेल्सन रॉकफेलर यांची गोष्ट या विषयातली सगळ्यात बोलकी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रॉकफेलर न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते, अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एकातले, आणि 1964 च्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी आघाडीवर. 1962 मध्ये त्यांनी तीस वर्षांहून जास्त संसार केलेल्या पत्नीपासून घटस्फोट घेतला. लोकांनी तोही सोसला असता. पण मे 1963 मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं ते त्यांच्याहून बरीच लहान असलेल्या, नुकताच घटस्फोट घेतलेल्या बाईशी. तिला चार लहान मुलं होती आणि त्यांचा ताबा तिने सोडला होता. एका घरातून बाप गेला, दुसऱ्या घरातून आई. चर्चचे पाद्री बोलायला लागले. कनेक्टिकटचे माजी सिनेटर प्रेस्कॉट बुश यांनी मुलींच्या एका शाळेच्या समारंभात जाहीरपणे विचारलं, की चांगल्या बायकोला सोडून, चार पोरांच्या आईला तिच्या घरातून बाहेर काढणारा माणूस अध्यक्ष व्हावा, इतके आपण खाली आलो आहोत का? हे प्रेस्कॉट बुश म्हणजे पुढे अध्यक्ष झालेल्या दोन बुशांचे अनुक्रमे वडील आणि आजोबा. लग्नाआधी चाचण्यांत पुढे असलेले रॉकफेलर काही आठवड्यांत पक्षाच्या परंपरावादी गटाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या मागे गेले.

तरी ते लढत राहिले. निर्णायक प्रायमरी कॅलिफोर्नियाची होती, 2 जून 1964 ला. त्याच्या तीनच दिवस आधी, 30 मे रोजी, नव्या पत्नीला मुलगा झाला. एरवी घरी पेढे वाटायची वेळ. पण लोक विसरायला लागलेली गोष्ट ऐन मतदानाच्या तोंडावर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर परत आली. गोल्डवॉटर सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने जिंकले आणि उमेदवारी त्यांची झाली.

इथे थोडं थांबायला हवं. रॉकफेलर पक्षाच्या उदारमतवादी गटाचे होते. परंपरावाद्यांना ते मुळातच नको होते. नागरी हक्क, सरकारी खर्च, कामगार संघटना, सगळ्यांवर त्यांची मतं वेगळी. लग्नाने त्यांच्याविरुद्ध असलेल्यांच्या हातात कोलीत दिलं आणि कुंपणावर बसलेल्यांना उतरायला कारण दिलं. शिवाय गोल्डवॉटर हा घरचाच, हवा तसा पर्याय समोर होता. जो माणूस आधीपासून आपला वाटत नाही, त्याचं खासगी आयुष्य आपण भिंगातून बघतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण परंपरावाद्यांपुरती नाही, पण इथे ती चपखल बसते.

रेगन यांना मात्र कोणी विचारलं नाही

सोळा वर्षांनी चित्र पालटलं. 1980 मध्ये जिमी कार्टर विरुद्ध रोनाल्ड रेगन. कार्टर हे बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, 1946 पासून एकाच बायकोबरोबर संसार करणारे. इतके प्रामाणिक, की 1976 च्या प्रचारात 'प्लेबॉय' मासिकाला सांगून बसले, की मी मनातल्या मनात अनेकदा व्यभिचार केला आहे. रेगन हॉलिवूडचे नट, पहिल्या पत्नीपासून घटस्फोट घेतलेले, चर्चला क्वचित जाणारे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना 1969 मध्ये कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही करणारेही तेच.

पवित्र चारित्र्य हाच निकष असता, तर इव्हँजेलिकलांनी कार्टर यांना डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी बहुसंख्येने रेगन यांना निवडलं. कारण तोवर गर्भपात, शाळेतली प्रार्थना, स्त्रीपुरुष समानतेची घटनादुरुस्ती, ख्रिश्चन खासगी शाळांच्या करसवलतीवर सरकारने उगारलेला बडगा, हे विषय पेटले होते आणि कार्टर यांनी आपली निराशा केली अशी त्यांची भावना होती. 1979 मध्ये जेरी फॉलवेल या पाद्र्याने 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पाद्री जमले असताना रेगन म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. घटस्फोटाचा विषय तिथेच संपला. अमेरिकेला पहिला घटस्फोटित अध्यक्ष परंपरावाद्यांनी दिला.

यात फसवणूक कोणाचीच नव्हती. मतदाराने 'माणूस कसा आहे' या प्रश्नाऐवजी 'माणूस आपल्या बाजूने काय करेल' हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, एवढंच.

क्लिंटन यांच्या वेळचा फूटपट्टीचा बदल

मग आले बिल क्लिंटन. व्हाइट हाउसमधल्या प्रशिक्षणार्थी तरुणीशी असलेल्या संबंधांवरून 1998 मध्ये देश ढवळून निघाला. त्या जूनमध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने, सदर्न बॅप्टिस्टांनी, लोकप्रतिनिधींच्या चारित्र्यावर ठराव केला. नेत्यांची गंभीर दुष्कृत्यं खपवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धीच करपते, असा त्याचा आशय. नावाजलेले इव्हँजेलिकल धर्मप्रचारक फ्रँकलिन ग्रॅहम यांनी लेख लिहून सांगितलं, की क्लिंटन यांची पापं ही खासगी बाब नाही. वीस वर्षांनी ट्रम्प यांचं एका पॉर्न अभिनेत्रीबरोबरचं प्रकरण गाजलं, तेव्हा याच ग्रॅहम यांनी सांगितलं, की ही कोणाच्याही चौकशीची बाब नाही आणि क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग ही चूकच होती.

1998 ची आणखी एक बाजू आहे, ती कोणी फारशी सांगत नाही. महाभियोगाच्या मोहिमेच्या अग्रभागी असलेले सभापती गिंग्रिच (होय, वरचेच) त्या काळात स्वतः त्याच कर्मचारी बाईबरोबर होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत पक्षाच्या जागा घटल्या म्हणून त्यांनी पद सोडायचं जाहीर केलं. त्यांच्या जागी ठरलेले बॉब लिव्हिंग्स्टन यांचीही विवाहबाह्य प्रकरणं उघड झाली आणि क्लिंटन यांच्यावर महाभियोगाचं मतदान झालं त्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. मग स्वच्छ म्हणून डेनिस हॅस्टर्ट यांना आणलं. शिक्षक असताना त्यांनी मुलांवर केलेले अत्याचार कितीतरी वर्षांनी बाहेर आले आणि ते झाकण्यासाठी दिलेल्या पैशांच्या प्रकरणात त्यांना 2016 मध्ये तुरुंगवास झाला. एखाद्या कादंबरीत हे वाचलं असतं तर लेखकाने अति केलं असं म्हटलं असतं.

दुसरीकडे डेमोक्रॅट्सही काही वेगळं वागत नव्हते. काम आणि खासगी आयुष्य वेगळं ठेवा, असं तेव्हा तेच सांगत होते, आणि स्त्रीवादी म्हणवणाऱ्या अनेकांनी क्लिंटन यांची पाठराखण केली. पुढे ट्रम्प आले तेव्हा चारित्र्याचा झेंडा डेमोक्रॅट्सच्या हातात गेला.

या अदलाबदलीचं माप पीआरआरआय या संशोधन संस्थेने घेतलं आहे. प्रश्न असा होता: खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीतीने वागून आपलं कर्तव्य पार पाडू शकतो का? 2011 मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी 30 टक्के लोक 'हो' म्हणाले. सर्व धार्मिक गटांत सर्वांत कडक तेच होते. ऑक्टोबर 2016 मध्ये तोच प्रश्न, तोच गट, आणि 'हो' म्हणणारे 72 टक्के. सर्व अमेरिकनांचा आकडाही 44 वरून 61 वर गेला, पण इव्हँजेलिकलांइतकी उडी कोणाचीच नव्हती. पाच वर्षांत बायबल बदललं नव्हतं. उमेदवार बदलला होता.

माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच कळीचा आकडा आहे. आपण समजतो, की माणूस आधी तत्त्व ठरवतो आणि मग त्याप्रमाणे मत देतो. इथे दिसतं ते उलटं: मत आधी ठरलं आणि तत्त्व मागून त्याच्या मापाचं शिवून घेतलं.

दहा दिवसांत दोनदा

हे मनातल्या मनात कसं घडतं, हे बघायला वेन ग्रूडेम यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ते धर्मशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. जुलै 2016 मध्ये त्यांनी लिहिलं, की ट्रम्प यांना मत देणं हा नैतिकदृष्ट्या चांगला पर्याय आहे. 7 ऑक्टोबरला वॉशिंग्टन पोस्टने 2005 मधली ध्वनिचित्रफीत बाहेर काढली. तीत ट्रम्प बायकांच्या अंगाला हात घालण्याविषयी फुशारकी मारत होते. 9 तारखेला ग्रूडेम यांनी आपला लेख मागे घेतला आणि ट्रम्प यांनी बाजूला व्हावं असं सांगितलं. 19 तारखेला पुन्हा लेख: दोन्ही उमेदवार आवडत नसतील तर ट्रम्प यांच्या धोरणांना मत द्या.

त्या दहा दिवसांत ट्रम्प यांचं चारित्र्य सुधारलं नाही. ट्रम्प बाजूला होणार नाहीत आणि समोर हिलरी क्लिंटनच आहेत, एवढंच ग्रूडेम यांना कळून चुकलं. सुप्रीम कोर्टातल्या न्यायमूर्ती स्कालिया यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा फेब्रुवारीपासून तशीच पडून होती. ट्रम्प यांनी मे महिन्यातच, कोणाकोणाला नेमू शकतो अशी अकरा न्यायाधीशांची यादी छापून दिली होती. असं आधी कोणत्याही उमेदवाराने केलं नव्हतं. जुलैमध्ये उपाध्यक्षपदासाठी माइक पेन्स या पक्क्या इव्हँजेलिकल माणसाला घेतलं. अविश्वास असलेल्या मतदाराला ही लेखी हमीच होती. पुढे तीन न्यायमूर्ती नेमले गेले आणि जून 2022 मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला. ज्यांनी नाक दाबून मत दिलं होतं, त्यांच्या हिशेबाने सौदा वसूल झाला.

गिंग्रिच आणि रूडी जुलियानी यांची तुलना केली की हा सौदा आणखी स्पष्ट होतो. दोघांचीही तीन लग्नं. पण न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. 2008 च्या प्रायमरीसाठी ते उभे राहिले तेव्हा इव्हँजेलिकलांचे वजनदार नेते जेम्स डॉब्सन यांनी आपण त्यांना मत देणार नाही असं जाहीर केलं, आणि कारणांत त्यांच्या लग्नांचाही उल्लेख होता. चार वर्षांनी गिंग्रिच यांना लग्नं आड आली नाहीत, कारण गर्भपातावर ते 'बरोबर' होते. लग्नांचा मुद्दा एकट्याने कोणाला पाडत नाही. धोरणाच्या मुद्द्याला जोडून आला की तो पाडतो.

पोटात घालण्याची रीत

याला एक खरी धार्मिक बाजूही आहे आणि ती निव्वळ सोंग म्हणून उडवून लावणं चूक ठरेल. इव्हँजेलिकल श्रद्धेच्या केंद्रस्थानीच पश्चात्ताप आणि क्षमा आहे. चर्चमध्ये माणूस उठून उभा राहतो आणि सांगतो: मी असा असा वाया गेलो होतो, मग ख्रिस्त भेटला. याला तिथे साक्ष देणं म्हणतात. जितकं खोल पडलेला, तितकी साक्ष दमदार. जॉर्ज बुश यांची तीच शिदोरी होती. चाळिशीत दारू सोडली, आणि 1999 च्या आयोवातल्या डिबेटमध्ये आवडता विचारवंत कोण असं विचारल्यावर म्हणाले, ख्रिस्त, कारण त्याने माझं मन पालटलं. समीक्षक हसले, पण ज्यांच्यासाठी ते वाक्य होतं त्यांना ते थेट कळलं. गिंग्रिच यांनीही 2009 मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला आणि आपण देवाकडे क्षमा मागितल्याचं ते सांगत.

ट्रम्प यांनी मात्र ही रीतही पाळली नाही. जुलै 2015 मध्ये आयोवातल्या एका ख्रिश्चन मेळाव्यात त्यांना विचारलं, तुम्ही कधी देवाकडे क्षमा मागितली आहे का? मागितली असेल असं वाटत नाही, असं त्यांचं उत्तर. पुढे लिबर्टी या इव्हँजेलिकल विद्यापीठात बायबलमधल्या एका पुस्तकाचं नाव असं उच्चारलं, की पोरं हसली. तेव्हा क्षमेचा साचा पुरेना, आणि नवे साचे काढावे लागले. 'आपण देशाचा अध्यक्ष निवडतोय, पाद्री नाही' हा एक. बायबलमधला पर्शियन राजा सायरस हा दुसरा: तो स्वतः ज्यू नव्हता, पण देवाने त्याच्याच हातून ज्यूंना बंदिवासातून सोडवलं. म्हणजे देव वाटेल त्याला हत्यार बनवू शकतो. एकदा हे मान्य केलं, की उमेदवाराच्या घरात डोकावायची गरजच उरत नाही.

जोडीला 'सांगतंय कोण' हा प्रश्न. चार्ल्सटनच्या सभागृहातल्या टाळ्या गिंग्रिच यांच्या संसाराला नव्हत्या. मीडिया आपल्याला कमी लेखतो, ही तिथल्या माणसाची जुनी सल आहे, आणि आपल्या वतीने कोणीतरी त्याला सुनावलं याच्या त्या टाळ्या होत्या. आरोप विरोधकाकडून आला की तो आरोपीवरचा न राहता आपल्यावरचा होतो. मे 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याच पॉर्न अभिनेत्रीला तोंड बंद ठेवण्यासाठी दिलेल्या पैशांच्या प्रकरणात ट्रम्प यांना 34 आरोपांत दोषी ठरवलं, तेव्हा त्यांच्या प्रचाराला देणग्यांचा पूर आला.

आणि स्वच्छ माणसाचं काय होतं? माइक पेन्स बघा. बायको सोडून दुसऱ्या बाईबरोबर एकट्याने जेवायलाही न बसणारे. 2024 च्या शर्यतीत ते स्वतः उतरले आणि आयोवात पहिलं मत पडायच्या आधीच, ऑक्टोबर 2023 मध्ये, बाहेर पडले. 6 जानेवारी 2021 ला निवडणुकीचा निकाल उलटवायला नकार देऊन ट्रम्प यांच्या विरोधात गेल्याचा ठपका त्यांच्यावर होता. जवळपास चाळीस वर्षांच्या निष्ठावंत संसाराने तो पुसला गेला नाही.

युटाने काय केलं

मग खासगी आयुष्याने मतं जातच नाहीत का? जातात. युटा राज्य बघा. इथले बहुसंख्य मॉर्मन, कुटुंबवत्सल, आणि दर निवडणुकीला रिपब्लिकन. 2012 मध्ये रोमनींना इथे जवळपास 73 टक्के मतं पडली. त्यात 'आपला माणूस' हा भाग होताच. तरी 2016 मध्ये ट्रम्प यांना 45 टक्क्यांच्या आसपास मिळणं ही साधी घसरण नव्हे. त्या वर्षीच्या मार्चमधल्या पक्षांतर्गत मतदानात तर ते टेड क्रूझ यांच्याकडून दणकून हरले होते. ऑक्टोबरमधली ती चित्रफीत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मॉर्मन चर्चच्या मालकीच्या डेझरेट न्यूज या वर्तमानपत्राने ट्रम्प यांनी माघार घ्यावी असं अग्रलेखात लिहिलं. जेसन चेफेट्झ या खासदाराने पाठिंबा काढून घेतला आणि म्हणाले, आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत बघून मी याला पाठिंबा कसा देऊ? महिना संपायच्या आत त्यांनीही आपण ट्रम्प यांनाच मत देणार असं सांगितलं.

मतदार मात्र सगळे परतले नाहीत. कारण त्यांना जायला जागा होती. इव्हान मॅकमुलिन नावाचा स्थानिक, मॉर्मन, परंपरावादी माणूस अपक्ष उभा होता आणि त्याला 21 टक्क्यांहून जास्त मतं पडली. नैतिक राग इतर राज्यांतही होता, पण तिथे तो ठेवायला असं ठिकाण नव्हतं. 2020 मध्ये मॅकमुलिन नव्हते, आणि ट्रम्प युटात 58 टक्क्यांवर गेले.

अलाबामात 2017 मध्ये सिनेटच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक झाली. अध्यक्षपदाची नव्हे, पण धडा तोच. रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावर, ते तिशीत असताना अल्पवयीन मुलींशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले. गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी मतदानाला गेलेल्या सुमारे 80 टक्के लोकांनी तरीही त्यांनाच मत दिलं. आणि मूर हरले, तेही सुमारे 22 हजार मतांनी. कारण रिपब्लिकन भागांत बरेच लोक घराबाहेरच पडले नाहीत, आणि जे पडले त्यांतल्या काहींनी मतपत्रिकेवर भलतंच नाव हाताने लिहिलं. राज्याचे ज्येष्ठ रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनीही तेच केलं होतं. अशी हाताने लिहिलेली मतं पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती.

म्हणून 80 टक्क्यांच्या एक्झिट पोलवर भाळू नये. तो फक्त मत दिलेल्यांना विचारतो. नाराज परंपरावादी सहसा डेमोक्रॅटला मत देत नाही, तो घरी बसतो, आणि घरी बसलेल्याची टक्केवारी कुठल्या तक्त्यात येत नाही.

बुश यांचे निवडणूक सूत्रधार कार्ल रोव्ह यांना हे नेमकं कळलं होतं. 2000 साली मतदानाला पाच दिवस उरले असताना बातमी फुटली, की 1976 मध्ये बुश यांना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मेन राज्यात अटक झाली होती. गुन्हा चोवीस वर्षांपूर्वीचा, पण त्यांनी तो लपवला होता, म्हणजे साक्ष अर्धीच दिली होती. ज्या राज्यावर सगळं अडलं होतं त्या फ्लोरिडात निकाल 537 मतांवर आला. लाखो इव्हँजेलिकल त्या दिवशी घरी बसले असा रोव्ह यांचा हिशेब होता, आणि पुढची चार वर्षं त्यांनी त्या लोकांना बाहेर काढण्यात घालवली. प्रचार यंत्रणा थेट चर्चपर्यंत पोचली. नोव्हेंबर 2004 मध्ये ओहायोसह अकरा राज्यांत अध्यक्षपदाच्या मतदानाबरोबरच समलिंगी विवाहबंदीचा प्रश्नही मतपत्रिकेवर होता आणि अकराही ठिकाणी बंदी मंजूर झाली. लोक उमेदवाराच्या नव्हे, तर दुसऱ्यांच्या लग्नाबद्दल मत द्यायला रांगेत उभे राहिले, आणि ओहायो बुश यांनी राखलं.